मार्जिनमध्ये बांधकाम करायचंय? कुदळ मारण्याआधी हे वाचा

मागच्या बाजूला बाथरूम वाढवायचं, जिना बाहेरून घ्यायचा, गाडीवर शेड टाकायची. बडोद्यात आमच्याकडे येणारी कामं बहुतेक अशीच. "जागा आमची, मग रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) कशाला?" हा प्रश्नही ठरलेला. जागा तुमचीच आहे. पण प्लॉटच्या हद्दीपासून घरापर्यंत ठरावीक अंतर मोकळं ठेवावं लागतं, त्यालाच मार्जिन म्हणतात, आणि ते किती हे गुजरातच्या 2017 च्या राज्यव्यापी बांधकाम नियमावलीप्रमाणे, म्हणजे जीडीसीआरप्रमाणे, रस्त्याची रुंदी, घराची उंची वगैरे बघून ठरतं. शेजारच्या काकांनी किती सोडलंय याचा दाखला टेबलावर चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजण्यात. लोक कुंपणाच्या भिंतीपासून टेप लावतात. तुमचा भाग टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत) आला असेल, तर रस्त्यासाठी जमीन कापून जो फायनल प्लॉट मिळाला, त्याची हद्द धरायची. सात-बारावर किंवा जुन्या दस्तावेजात मूळ क्षेत्रफळ तसंच राहिलेलं असू शकतं. म्हणून आम्ही नकाशा काढायला घेण्याआधी पार्ट प्लॅन (टीपी नकाशातला तुमच्या प्लॉटचा भाग) आणि एफ फॉर्म (मूळ आणि फायनल प्लॉटच्या क्षेत्रफळाचा तक्ता) मागतो. हे दोन कागद हातात नसताना "होऊन जाईल" म्हणणाऱ्या माणसापासून, तो आमच्या ऑफिसातला असला तरी, सावध राहा.

मांडवीच्या आसपास, जुन्या शहरात भिंतीला भिंत लागलेली घरं आहेत. तिथले नियम वेगळे, आणि सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर शेजाऱ्याशी बोलणं आधी, नकाशा नंतर. सोसायटीत राहात असाल तर सोसायटीचं ना-हरकत पत्रही काढून ठेवा.

आता कामाचा क्रम. जुनी रजाचिठ्ठी, मंजूर नकाशा आणि बीयू (इमारत वापरायची परवानगी) यांच्याशी आज उभं असलेलं घर जुळतं का, हे आधी तपासतो. मग सुधारित नकाशा लायसन्सवाल्या इंजिनियरच्या सहीने बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन पोर्टलवर जातो. मंजुरी आली की बांधकाम, आणि बांधकाम संपल्यावर पुन्हा बीयू. हा शेवटचा टप्पा लोक सोडून देतात आणि घर विकताना बँकेच्या वकिलासमोर अडकतात. छज्जा ठरलेल्या मर्यादेत मार्जिनमध्ये चालतो. त्याखाली भिंती उभ्या केल्या की ती खोली झाली.

आधीच बांधून बसला असाल तर? 2022 च्या इम्पॅक्ट फीच्या कायद्यात, म्हणजे फी घेऊन विनापरवाना बांधकाम नियमित करण्याच्या कायद्यात, 1 ऑक्टोबर 2022 पूर्वीची बांधकामंच बसतात. नंतर बांधलेल्याला तो दरवाजा नाही. पूर्वीच्या बांधकामालाही फी भरली म्हणजे झालं असं नाही. सरकारी जमिनीवर किंवा रस्त्यात आलेला भाग नियमित होत नाही. अर्जाची मुदत अनेकदा वाढली आहे, तेव्हा आजची स्थिती आम्हाला विचारून घ्या. आणि "आम्ही वेरा (घरपट्टी) भरतो" हा बचाव नाही: वेरा पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. विनापरवाना कामाला महापालिका तिच्या कायद्यातल्या कलम 260 ची नोटीस देऊ शकते.

कधीकधी आमचा सल्ला "करू नका" असाच असतो. दोन फूट बाथरूमसाठी सगळे नकाशे उघडावे लागणार असतील, तर आतली भिंत हलवणं स्वस्त पडतं. मात्र ती भिंत भार घेणारी नाही ना, हे स्ट्रक्चर इंजिनियरला दाखवूनच.

येताना दस्तावेज, इंडेक्स 2, चालू वर्षाची वेरा पावती आणि असेल तो जुना नकाशा आणा. झेरॉक्स चालेल. नकाशा सापडत नसेल तरी या, महापालिकेतून नक्कल काढायला अर्ज कसा करायचा ते सांगू.