पुस्तक घ्याच्या आधी हे वाचा, मंग भाव करा

राम राम. बस स्टँडसमोर कडुलिंबाखाली ताडपत्रीवर पुस्तकं मांडून बसतो तो मी. रोज तेच प्रश्न येतात, हे अर्ध्या किमतीत काऊन नाही, ते परत घेता का, मागच्या साली छापलेलं चालते का, सांगून सांगून घसा दुखला म्हणून हा कागदच छापून घेतला. फुकट आहे, घरी न्या. गिऱ्हाईक नसलं की मी पेपर वाचतो अन् मनातल्या मनात बडबडतो, त्यातलं थोडं इथंही आलं आहे, चालवून घ्या.

आधी पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांसाठी. लेखी १०० मार्कांची, ९० मिनिटांची, त्यात गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण अन् सामान्य ज्ञान. गणित, व्याकरण बिनधास्त जुनं घ्या, संधी-समास काही दरसाल बदलत नाहीत. पण सामान्य ज्ञान जुनं मागू नका, मी देणार नाही म्हणजे नाही. परवा एक जण २०२१चं विकायला घेऊन आला, त्यात अभिजात भाषा ६ लिहिलेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीसकट ५ भाषांना दर्जा भेटला, आता ११ आहेत. शंकरपटाचंही, म्हणजे बैलांच्या शर्यतीचंही तसंच, २०१४ची बंदी वाचून बसाल अन् शर्यत चालू ठेवणारा २०२३चा सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीतच नसणार. अन् आपल्या गडचिरोलीचे झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे नट परशुराम खुणे यांना २०२३ला पद्मश्री भेटली, ते जुन्या पुस्तकात कुठून येईल? आपल्या भागातला प्रश्न आपल्याच पोट्ट्याचा चुकला तर लय जीवावर येते भाऊ. तेवढे पैसे नव्या पुस्तकाला टाका, चहा चार दिवस नका पिऊ.

भाव असा आहे. नवीन पुस्तकावर छापील किमतीच्या १० टक्के कमी, त्याच्या खाली मला परवडत नाही. जुनं अर्ध्या किमतीत. वाचून एक महिन्यात परत आणलं तर तुम्ही दिलेल्या पैशातले अर्धे वापस. पेन्सिलच्या खुणा चालतात, पेननं उत्तरं सोडवून आणलेलं चालत नाही. शाळेच्या पुस्तकांत मात्र एक लफडं आहे. २०२३-२४ला बालभारतीनं पुस्तकातच वहीची कोरी पानं टाकली होती, नंतर ती बंद झाली. ती पुस्तकं लेकरांनी लिहून लिहून भरवून टाकली, एकात तर कवितेच्या मागं किराण्याची यादी निघाली, त्यात पावशेर जिरं दोनदा. तसलं मी रद्दीच्या भावातच घेतो, रागावू नका.

आता सिनेमा. आमच्या धंद्यात पेपरापेक्षा सिनेमाच जास्त पुस्तकं विकते. १४ फेब्रुवारी २०२५ला ‘छावा’ आला अन् दुसऱ्याच आठवड्यात, जे लोक कधी माझ्याकडं बघतही नव्हते ते कादंबरी मागायला आले. कादंबरी १९७९ची, शिवाजी सावंतांची, माझ्याकडं एक जुनी प्रत किती तरी दिवस पडून होती, ती एका आजोबांनी न्याहाळत न्याहाळत नेली. मंग मला हाव सुटली. शहरातल्या एका होलसेलवाल्याकडून स्वस्तात दहा प्रती आणल्या. निघाल्या डुप्लिकेट. कागद एवढा पातळ का मागच्या पानाची अक्षरं इकडं दिसत होती, मुखपृष्ठावरचा फोटो पुसट, अन् एकीत मधला पूर्ण फॉर्मा गायब, म्हणजे १६ पानं गेली. ज्या बाईंनी ती नेली त्या परत आल्या अन् म्हणाल्या, दादा, महाराज रायगडावर होते ते एकदम कुठं गेले? पैसे वापस दिले, बाकीच्या नऊ विकल्या नाहीत. तेव्हापासून सांगतो, कुठंही घ्या पण घ्यायच्या आधी पानांचे नंबर चाळून बघा, एक पान उजेडात धरा, अन् निम्म्याहून कमी भावात कोरं पुस्तक देत असला तर समजून घ्या. माझ्याकडच्या पुस्तकात फॉर्मा कमी किंवा डबल निघाला तर कधीही आणा, बदलून देतो.

गाण्यांची पुस्तकं आता ठेवत नाही. लतादीदी गेल्या त्या दिवशी, ६ फेब्रुवारी २०२२ला, संध्याकाळपर्यंत तीन जण मागून गेले, माझ्याकडं एकच फाटकी होती. तिघांत कोणाला द्यावी म्हणून कोणालाच नाही दिली, घरी आहे. बाकी दिवशी कोणी विचारत नाही, मोबाईलवर सगळं वाजते.

उन्हाळ्यातलं एक सांगून ठेवतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं पारा ४६-४७ला जाते, चिकटवलेल्या बाइंडिंगचा गोंद नरम पडते अन् पानं सुटी होतात. पुस्तक घेऊन गाडीच्या सीटवर ठेवून बाजार करू नका, परत आणलं तर तो फॉल्ट मी माझा धरत नाही. शिवलेल्या बाइंडिंगला काही होत नाही, पाहिजे तर विचारा, दाखवतो.

फोन-पे चालते, उधारी फक्त परीक्षेवाल्यांना अन् तीही वडिलांना माहीत असेल तर.

दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीचा सीझन राहते, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाकडच्या कंपन्यांची नाटकं गावोगावी लागतात, रात्री दहाला सुरू झालेलं उजाडेपर्यंत चालते अन् मला बघितल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवसांत दुकान ११ वाजता लागते. आधी आलात तर ताडपत्री उचलून आत हात घालू नका, शेजारच्या चहावाल्याला सांगून ठेवा, मी आल्यावर काढून ठेवतो.