मुतखडा परत का येतो: पार्श्वभूमी

मुतखड्याची एक बारकाईची जुनी नोंद सुश्रुतसंहितेत आहे. मूत्राशयातली अश्मरी (खडा) काढताना सेवनीच्या, म्हणजे गुदद्वार व वृषण यांमधल्या शिवणीसारख्या रेघेच्या, डावीकडे, यवभर (जवाच्या दाण्याएवढे) अंतर सोडून, खड्याच्या मापाचा छेद घ्यायचा. त्यापुढची ताकीद जास्त मोलाची: खडा फुटू देऊ नये, थोडे जरी चूर्ण आत राहिले तरी ते पुन्हा वाढते.

१९८० साली म्युनिकमध्ये हाच नियम मुद्दाम मोडला गेला. डॉर्निअर या विमान बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्राने शरीराबाहेरून आघातलहरी सोडून मूत्रपिंडातला खडा फोडला आणि चुरा लघवीवाटे जाऊ दिला. छेद टळला, पण सुश्रुताची अडचण तशीच राहिली. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात चुरा साचतो आणि त्यावरच नवा खडा धरतो. त्यामुळे ‘फोडून झाला’ म्हणून फाइल बंद करणे चूक. काही आठवड्यांनी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून कप्पे रिकामे झाल्याची खात्री करावीच लागते.

पथ्याचा इतिहास तर चक्क उलटा फिरला. वर्षानुवर्षे दूध-दही बंद करायला सांगत. २००२ मध्ये इटलीतल्या पाच वर्षांच्या अभ्यासाने ते खोडले. रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण मीठ व मांस कमी घेणाऱ्या पुरुषांत खडे परतण्याचे प्रमाण कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मे निघाले. पालकासारख्या भाज्यांतल्या, खडा बनवणाऱ्या ऑक्झलेट या द्रव्याला कॅल्शियम आतड्यातच धरते. पालकाच्या भाजीसोबत वाटीभर दही म्हणूनच बरे.

नागपुरात सगळा दोष बोअरच्या जड पाण्यावर ढकलतात. बहुतेकदा खरे कारण लघवी कमी होणे हेच असते. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात तीन लिटर पाणी पिऊनही बरेचसे घामातच जाते. तेव्हा प्यालेले ग्लास मोजण्यापेक्षा सुटीच्या दिवशी चोवीस तासांची लघवी मापून पाहावी. ती अडीच लिटर भरायला हवी. मीठ वाढले की लघवीतून कॅल्शियमही वाढते. सावजी रस्सा, लोणचे, पापड एकाच ताटात नकोत. संत्र्या-लिंबातले सायट्रेट खडा धरू देत नाही, मात्र लिंबूपाण्यात चमचाभर मीठ घातले की फायदा तिथेच संपला.

एक अपवाद: खड्याच्या कळेसोबत थंडी-ताप आला तर पाणी ढोसत घरी थांबू नये. अडलेल्या मूत्रपिंडात पू होतो आणि आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) टाकून वाट मोकळी करावी लागते. खड्याचे नंतर बघता येते.