प्रतिपिंडाधारित रसायन-परीक्षण

पाणी, माती किंवा अन्नातील कीडनाशके, तणनाशके, स्फोटके आणि विषारी द्रव्ये यांचे अत्यल्प अंश प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडी, म्हणजे शरीर परक्या पदार्थांविरुद्ध बनवते त्या प्रथिनांच्या) साहाय्याने ओळखण्याची पद्धत. पूर्वी यासाठी सशाच्या रक्तातून मिळतील तीच प्रतिपिंडे वापरावी लागत. आता प्रतिपिंडे बनवणाऱ्या जनुकांत फेरफार करून ती हवी तशी घडवता येतात.

तंत्र मुळात वैद्यकातले. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाअखेरीस रक्तातील इन्शुलिन मोजण्यासाठी किरणोत्सर्गी चाचणी विकसित केली. १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे एंगव्हाल व पर्लमन यांनी किरणोत्सर्गी द्रव्याऐवजी विकर (एन्झाइम) वापरले आणि ‘एलायझा’ ही विकराधारित चाचणी रूढ झाली.

प्रदूषकांच्या बाबतीत खरी अडचण आकाराची. ॲट्राझिन या तणनाशकाचा रेणुभार जेमतेम २१६. इतक्या लहान रेणूची प्राण्याची प्रतिकारयंत्रणा दखलच घेत नाही. म्हणून त्याच्यासारखा रेणू (हॅप्टेन) मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. जोड कुठे दिला यावर जवळजवळ सारे ठरते, कारण प्रथिनाकडची बाजू प्रतिपिंडाला नीट ‘दिसत’ नाही. ॲट्राझिनच्या एथिल गटाच्या बाजूने जोड दिला, तर तयार होणारे प्रतिपिंड क्लोरीन आणि आयसोप्रोपिल गट ओळखते, पण प्रोपाझिन या भावंडालाही ॲट्राझिनच समजते.

चाचणीत नमुन्यातले रसायन आणि विकर जोडलेले हॅप्टेन यांची प्रतिपिंडावरील जागेसाठी स्पर्धा लागते. शेवटी एक रंगहीन द्रव्य घालतात, चिकटलेल्या विकरामुळे त्याला निळा रंग चढतो आणि आम्ल टाकताच तो पिवळा होतो. रंग जितका फिका, तितके प्रदूषक जास्त. नवख्याला हे हमखास उलटे वाटते.

प्रतिपिंडे घडवण्याचा मार्ग जॉर्ज स्मिथ यांच्या १९८५ च्या फाज-प्रदर्शन तंत्राने खुला झाला (नोबेल, २०१८). जीवाणुभक्षी विषाणूंच्या पृष्ठभागावर कोट्यवधी प्रतिपिंड-खंड मांडून त्यांतून हवा तो निवडता येतो. १९९३ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी उंटाच्या रक्तात हलकी साखळी (नेहमीच्या प्रतिपिंडातील जड व हलक्या प्रथिन-साखळ्यांपैकी लहान) नसलेली प्रतिपिंडे असल्याचे दाखवले. त्यांच्यापासून मिळणाऱ्या नॅनोबॉडी या छोट्या खंडाचा रेणुभार सुमारे १५ हजार, म्हणजे नेहमीच्या प्रतिपिंडाच्या एक दशांश. ती जीवाणूंत स्वस्तात तयार होते. उष्णता सोसते आणि अनेकदा मिथेनॉलही. मातीतून कीडनाशक काढायला अनेकदा मिथेनॉल वापरतात, त्यामुळे हा गुण मोलाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ब्रूस हॅमॉक यांच्या गटाने या दिशेने बरेच काम केले आहे. प्राण्यांची गरज मात्र संपलेली नाही. अशा खंडांचे संग्रह अजूनही बरेचदा टोचलेल्या अल्पाका या उंटवर्गीय प्राण्याच्या रक्तापासून सुरू होतात. शिवाय जड व हलक्या साखळ्यांमधली, लहान रेणूला सामावून घेणारी खाच नॅनोबॉडीत नसते. तेव्हा ती दरवेळी अधिक संवेदनशील ठरतेच असे नाही.

युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात बहुतेक प्रत्येक कीडनाशकाची वा तणनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, तर अमेरिकेत ॲट्राझिनसाठी ३ मायक्रोग्रॅम आहे. चांगली चाचणी इतके अंश पकडते, पण मातीतील ह्यूमिक आम्ले (कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली द्रव्ये) तिला चकवू शकतात. त्यामुळे शेकडो नमुन्यांची चाळणी तिच्याकडे सोपवून, संशयित नमुने द्रव्यमान वर्णपटमापकावर (रेणूंचे वस्तुमान मोजून ते ओळखणाऱ्या यंत्रावर) पुन्हा तपासले जातात.