टॉवेल झटका मारून सुटत का नाही?

दिवाळीत दौंडला मामांकडे गेलो तर त्यांच्या खांद्यावर कोरा करकरीत टॉवेल. जुना कुठंय विचारलं तर म्हणाले, "रोटरनं खाल्ला." रोटर म्हणजे ट्रॅक्टरमागं लावायचं, माती भुसभुशीत करणारं अवजार. झालं असं की ट्रॅक्टर चालूच ठेवून मामा मागं काय अडकलंय बघायला उतरले, वाकले आणि टॉवेलचं टोक पीटीओच्या शाफ्टला लागलं. टॉवेल विटून पार जाळी झालेला, फाटला म्हणून वाचले, मानेवर वळ मात्र अजून दिसत होता. यावर हडपसरला राहणारा माझा भाऊ काय म्हणतो, "घाबरलात मामा तुम्ही, झटका मारून काढायचा ना!"

तर या झटक्याचा हिशेब करू.

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून निघून रोटरला, मळणी मशीनला ताकद देणारा दांडा. याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. डोळ्याला दिसून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, तेही माणूस सावध असेल तर, आणि तेवढ्यात शाफ्टचे दोन फेरे होऊन गेलेले असतात. शाफ्ट ७ सेंटीमीटर जाडीचा धरला तर एका फेऱ्यात २२ सेंटीमीटर कापड आत जातं, अर्ध्या सेकंदात जवळपास एक मीटर. टॉवेल असतोच केवढा!

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) वेढ्यांची आहे. मारका बैल आवरताना गडी दाव्याचे दोन वेढे झाडाच्या बुंध्याला मारतो आणि मग एका हातानं निवांत धरून उभा राहतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे गणित आधीच माहितीये. दोरी बुंध्याला घासते आणि प्रत्येक वेढ्याला पकड बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञानं याचं सूत्र मांडलं. घर्षण गुणांक, म्हणजे दोरी किती घासते याचा आकडा, ०.३ धरला तर एका वेढ्याला ६.६ पट, दोनला ४३ पट, तीनला २८५ पट, चारला तर १८०० च्याही वर. म्हणजे दोन वेढ्यांवर गड्यानं १० किलोचा जोर लावला तर बैलाला दावं सरकवायला ४०० किलोच्या वर ओढावं लागेल.

आता हेच उलटं बघा. शाफ्टवर टॉवेलचं मोकळं टोक फडफडतंय, त्याला समजा जेमतेम १०० ग्रॅमचा ताण आहे. चार वेढे पडले की मामांच्या बाजूला १८० किलोच्या वर ओढ. आणि टोक वेढ्याखाली दाबलं गेलं की सूत्रपण सोडा, ते निसटतच नाही, मग सगळा जोर थेट ट्रॅक्टरचा. पीटीओवर ४० एचपी मिळत असतील तर शाफ्टच्या कडेला दीड टनाच्या आसपास ओढ बसते. भाऊ जिमला जातो, पण तरी. आणि उलट दिशेनं झटका मारला की वेढे अजूनच आवळतात!

सुती जुनं कापड निदान फाटतं. सिंथेटिक साडीचा पदर, नायलॉनची दोरी, टेरिकॉटचा शर्ट लवकर फाटत नाही. पुण्यात स्कूटरवर मागं बसलेल्या बाईला अनोळखी माणूससुद्धा ओरडून सांगतो "ओढणी सांभाळा", त्याचं कारण हेच, तिथं फक्त दांड्याऐवजी चाक आहे. सुरुवात व्हायला शाफ्टवरची एखादी वर आलेली पिन किंवा क्रॉसचा (दांड्याच्या सांध्याचा) बोल्ट पुरतो, नुसता चिखल वाळून खरखरीत झाला तरी पुरतो.

आजीचं मत वेगळं. मशीन वर्षाला बळी मागतं म्हणे, म्हणून खंडेनवमीला नारळ झाला, बंपरला लिंबू-मिरची झाली. माझं म्हणणं, लिंबू बंपरला, शाफ्ट मागं! पुजेला माझी ना नाही, पण शाफ्टवर कंपनीनंच दिलेलं प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ते कुठंय? दांडा आत फिरतो, कव्हर साखळीनं बांधलेलं असतं म्हणून जागेवर थांबतं, कापड लागलं तरी गुंडाळायला काही फिरतच नाही. पण ग्रीस मारायला आडवं येतं म्हणून लोक काढून टाकतात.

मामांचं कव्हर गोठ्याच्या माळ्यावर सापडलं, शेजारी कोंबडी अंड्यावर बसलेली. भाऊबीजेच्या दुपारी, ट्रॅक्टर बंद करून, आम्ही ते बसवलं. साखळी काही मिळाली नाही, मामांनी तूर्तास सुतळीनं बांधलंय आणि साखळी येईपर्यंत रोटर जोडणार नाही म्हणालेत. पुढच्या रविवारी इथून घेऊन जातोय.