मिरचीवर आलेला लसणाचा आळ

पंचवटीत माझी आत्या गेली वीस-बावीस वर्षं काळ्या मसाल्याच्या ऑर्डरी घेते. होळी झाली की तिच्या ओसरीवर मिरचीची पोती येऊन पडतात आणि आखाजीपर्यंत तिथे ठसका लागल्याशिवाय कुणी बसू शकत नाही. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी. शेजारच्या चार-पाच बायका देठं मोडायला येतात. मसाला कांडपावर जाण्याआधीचं सगळं काम हातांनीच होतं. मिरची निवडायची, खोबरं किसायचं, कांदा चिरून वाळवायचा, लसणाचे ढीग सोलायचे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या हाताची तीन बोटं फुटली. अंगठा, तर्जनी आणि मधलं. पेरांवरची कातडी जाड, कोरडी, पांढुरकी झाली होती आणि तिला उभ्या चिरा पडल्या होत्या. कणीक मळताना मिठाचा कण चिरेत गेला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. उजवा हात मात्र जवळजवळ स्वच्छ होता. घरादाराने निदान करून टाकलं, ‘मिरची बाधली.’ औषधाच्या दुकानातून कुणीतरी नायट्याची ट्यूब आणून दिली, ती तिने दोन महिने चोपडली. थोडं बरं वाटायचं, पुन्हा फुटायचं.

मिरची बाधली नव्हती. मसाल्याच्या कामात हाताला होणाऱ्या प्रत्येक त्रासाला आपण ‘ॲलर्जी’ म्हणतो, पण त्या एका शब्दामागे निदान तीन वेगवेगळे प्रकार असतात. कोणता प्रकार आहे हे ओळखायचं सोपं साधन म्हणजे घड्याळ. मसाल्याला हात लागल्यापासून त्रास सुरू व्हायला किती वेळ गेला, हे आधी बघायचं.

मिरचीची आग लगेच किंवा तासाभरात सुरू होते. तिचं कारण मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सायसिन. ते बियांत तयार होतं असा आपला समज असतो, पण ते तयार होतं बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात. आपल्या नसांच्या टोकांना उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सायसिन याच प्रथिनाला चिकटतं आणि तोच निरोप पाठवतं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली हे प्रथिन शोधलं आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. म्हणजे लवंगी मिरची निवडून हात भगभगतात तेव्हा बहुतेक वेळा कातडी भाजलेली नसते, नसांना भाजल्याचा भास होत असतो. ही ॲलर्जी नाही. कुणाच्याही हाताला होईल.

यावर गार पाणी फार कामाचं नाही. हात पाण्यात आहे तोवर बरं वाटतं, बाहेर काढला की आग परत. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आधी गोडेतेल चोळायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, मग साबण. आणि तोवर डोळ्यांना हात लावायचा नाही, तान्ह्या मुलाला उचलायचं नाही.

दुसरा प्रकार हळूहळू येतो. कातडीचा सगळ्यात वरचा थर जुन्या नाशकातल्या वाड्याच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. दिवसातून वीस वेळा हात धुतले, मसाल्याचा कोरडा भुगा पेरांत घासला, कांद्या-लसणाचा रस लागला की हा चुना निघून जातो. कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) पाचच्या आसपास. साध्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा. ओलं, कोरडं, पुन्हा ओलं, असं आठवडाभर चाललं की हात खरखरीत होतात, मग लाल होतात, मग भेगा पडतात. संपर्कातून होणाऱ्या इसबाच्या दर पाच रुग्णांत साधारण चार या गटातले. यातही ॲलर्जी नाही, झीज आहे.

खरी ॲलर्जी उशिरा येते, एक ते तीन दिवसांनी, आणि म्हणूनच चोर सापडत नाही. लसूण सोमवारी सोलला, खाज बुधवारी सुटली आणि बुधवारी हातात मिरची होती, तर आळ मिरचीवर. मसाल्यातला एखादा इवलासा रेणू कातडीत शिरतो आणि तिथल्या प्रथिनाला चिकटतो. कातडीत पहारा देणाऱ्या काही पेशी असतात. पाउल लँगरहान्स याने वैद्यकीय विद्यार्थी असतानाच, १८६८ मध्ये, त्या पहिल्यांदा दाखवल्या, पण त्याला त्या नसांच्या पेशी वाटल्या होत्या. या पेशी तो रेणू उचलून लसिकाग्रंथींकडे नेतात. तिथे टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना, त्याची ओळख पटवली जाते आणि दहा-पंधरा दिवसांत त्या रेणूविरुद्धची फौज तयार होते. एकदा झालेली ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही.

आत्याचा प्रश्न रास्त होता, ‘वीस वर्षं लसूण सोलते, मग आत्ताच कसं झालं?’ ही ओळख कधीही पटू शकते. झिजलेल्या कातडीतून रेणू सहज आत शिरतात, त्यामुळे दुसरा प्रकार अनेकदा तिसऱ्याला दार उघडून देतो.

बिब्बा हाताळणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बिब्ब्याचं तेल जाळतंही आणि ॲलर्जीही करतं. म्हणूनच ‘बिब्बा उतला’ म्हणतात तेव्हा तो एखाद्यालाच उततो, सगळ्यांना नाही.

डाव्या हाताचं कोडं त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बोटं बघताक्षणी सोडवलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘लसूण कोणत्या हातात धरता?’ सुरी उजव्या हातात, पाकळी डाव्या हाताच्या अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत. लसणातलं डायॲलिल डायसल्फाइड रोज त्याच तीन पेरांवर. जगभरच्या स्वयंपाक्यांमध्ये हा नमुना इतका ठरावीक आहे की बोटंच जबाब देतात. शिवाय हा रेणू बहुतेक रबरी हातमोज्यांतूनही आरपार जातो, त्यामुळे ‘मोजे घालूनही फुटतंय, म्हणजे लसूण नसणार’ हा तर्क चुकतो.

काळ्या मसाल्यात असे आणखीही जिन्नस आहेत. दालचिनीतला सिनॅमल्डिहाइड आणि लवंगेतला युजेनॉल हे ओळखीचे गुन्हेगार, आणि ते फक्त मसाल्याच्या डब्यात राहत नाहीत. अत्तरात, साबणात, काही टूथपेस्टमध्ये, युजेनॉल तर दाताच्या डॉक्टरांच्या सिमेंटमध्येही. हळदीतल्या कर्क्युमिनमुळेही क्वचित असा इसब होतो. मला सगळ्यात नवल वाटतं ते दगडफुलाचं. ते फूल नाहीच, बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात ते शैवाक (लायकेन) आहे. त्यातल्या ॲट्रानोरिनसारख्या द्रव्यांची ॲलर्जी झाडं तोडणाऱ्या लाकूडतोड्यांमध्ये आढळते, कारण त्यांचे हात सालीवरच्या अशाच शैवाकांना लागत असतात.

एक अपवाद सांगायलाच हवा. धन्यासारख्या मसाल्याने काहींना काही मिनिटांतच गांधी उठतात. ही वेगळी, झटपट ॲलर्जी. त्यासोबत ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

चोर नक्की करायला पॅच टेस्ट करतात. योजेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जवळजवळ तशीच आहे. पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये निरनिराळे पदार्थ चिकटवायचे, ४८ तास पाठ भिजवायची नाही, मग पट्टी काढून बघायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. भारतात वापरल्या जाणाऱ्या संचात निकेल, गाजर गवत आणि सुगंधी द्रव्यांचं मिश्रण असतं, त्या मिश्रणात सिनॅमल्डिहाइड आणि युजेनॉल येतात. लसूण वेगळा, पातळ करून लावावा लागतो. कच्चा लसूण घरी दंडाला बांधून बघण्याचा प्रयोग कुणी करू नये. त्याने ॲलर्जी नसलेलीही कातडी भाजते.

नायट्याच्या ट्यूबबद्दल मला राग आहे. त्यात बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड इसबावर लागतं, पण कोणतं, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. अशा मिश्रणांनी कातडी पातळ होते आणि खरोखर नायटा असेल तर तो दबून आणखी पसरतो.

आत्याच्या पाठीवर लसणाच्या चकतीखाली लाल, खाजरा चट्टा उठला. दालचिनी-लवंगेच्या जागी काहीच नाही. चिरा भरून यायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी दिलेलं मलम ठरलेल्या दिवसांपुरतं, दर वेळी हात धुतल्यावर व्हॅसलीन, भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी मोजे. ओसरीवर मिरचीची देठं मोडायला ती अजूनही बायकांच्या बरोबरीने बसते. लसूण मात्र आता आतोबा सोलतात.