बिने-कामत चाचणी: पॅरिस, स्टॅनफर्ड, धारवाड

मुलाची बुद्धिमापन चाचणी करून घेतलेल्या अनेक पालकांच्या हाती जो अहवाल येतो, त्यावर ‘बिने-कामत’ हे नाव असते. यातले बिने पॅरिसचे, कामत आपल्याकडचे, आणि दोघांच्या मधला मुक्काम कॅलिफोर्नियात. हा इतिहास पालकांनाही माहीत असावा असे मला मनापासून वाटते. अहवालातला आकडा त्यांच्या मुलाची तुलना दुसऱ्या मुलांशी करत असतो, आणि ती दुसरी मुले कोण, कुठली, कोणत्या काळातली, हे अहवालात बहुधा लिहिलेले नसते.

फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर सगळ्या थरांतली मुले शाळेत आली. नेहमीच्या वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशांना वेगळी मदत द्यायची, तर ती मुले ओळखायची कशी, या प्रश्नासाठी १९०४ मध्ये सरकारने समिती नेमली. एकट्या शिक्षकाच्या मतावर निर्णय सोडायला आल्फ्रेड बिने तयार नव्हते. त्यांनी तेओदोर सिमों यांच्यासह १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ३० प्रश्न तयार केले: वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, दोन रेषांतली लांब कोणती ते ओळखणे. १९०८ च्या आवृत्तीत हे प्रश्न वयानुसार लावले गेले. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते, या समजुतीला बिने यांचा ठाम विरोध होता. मुलाला मदत कुठे हवी हे शोधणे एवढेच त्यांना या चाचणीतून हवे होते. १९११ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयापर्यंतचे प्रश्न सोडवते त्या वयाला, प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना मांडली. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी बिने यांच्या चाचणीची अमेरिकन आवृत्ती काढताना त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि बुद्धिगुणांक रूढ झाला. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले, तर गुणांक ७५. मुलाबद्दलचे इतके सारे निरीक्षण एका आकड्यात मावले, आणि माझ्या मते बिने यांची सावधगिरी तिथेच मागे पडली.

भारतात हे काम लवकर सुरू झाले. लाहोरला सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात हिंदुस्तानी रूपांतर केले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड आवृत्ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली आणि १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात ती मांडली. हे काम धारवाडला झाले; धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. दोन्ही भाषांची मुले तिथे मिळत.

असे काम नुसत्या भाषांतराने होत नाही. टर्मन यांच्या चाचणीत सहा वर्षांच्या मुलाला चार अमेरिकन नाणी ओळखायची असत. इथे तो प्रश्न आणे-पैशांवर आणावा लागणार, आणि नाणी बदलली की प्रश्नाची काठिण्यपातळीही बदलणार. शब्दसंग्रहाचे तर विचारूच नका: इंग्रजीत अवघड असलेल्या शब्दाचा मराठी पर्याय रोजच्या बोलण्यातला निघू शकतो. म्हणून प्रत्येक प्रश्न खऱ्या मुलांना विचारून, कोणत्या वयाला किती मुलांना तो जमतो ते पाहून, पुन्हा जागेवर बसवावा लागतो. कामतांनी हे केले, हे त्यांचे मोठे काम.

पण ज्या मुलांवरून हे वयोगट ठरले ती गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातली होती. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचे सरासरी गुण सुमारे १४ ने वाढले. जुन्या प्रमाणकांवर, म्हणजे तुलनेसाठी पूर्वीच्या मुलांवरून ठरवलेल्या गुणांवर, तपासले तर आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसते. भारतात वाढ नेमकी तेवढीच झाली असे गृहीत धरता येणार नाही, पण शाळा, पोषण आणि चित्रांची सवय इतकी बदलल्यावर जुनी प्रमाणके जशीच्या तशी वापरणे मला पटत नाही. शिवाय मानसिक वयाचा भागाकार किशोरवयानंतर अडतो, कारण मानसिक वय वर्षागणिक वाढत राहत नाही. डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ मध्ये तो सोडून त्याच वयाच्या लोकांच्या सरासरीपासूनचे अंतर मोजले. त्यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी १९६९ मध्ये भारतीय आवृत्ती केली.

केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीच्या) प्रमाणपत्रासाठी मॅलिन यांची चाचणी किंवा वेक्स्लरची तिसरी आवृत्ती सांगितली होती, आणि गुणांक ८५ च्या वर असेल तरच पुढची तपासणी. परीक्षेतला जादा वेळ आणि इतर सवलती त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. बौद्धिक अक्षमतेसाठी रेघ ७० च्या आसपास असते आणि जुन्या प्रमाणकांनी फुगलेल्या गुणांमुळे मदतीची गरज असलेले मूल तिच्या वर राहू शकते. म्हणून अहवाल घेताना चाचणीचे नाव, आवृत्ती आणि प्रमाणके कोणत्या वर्षाची हे मानसशास्त्रज्ञांना जरूर विचारावे, आणि मूल रोजची कामे स्वतः किती करते याची वेगळी तपासणी झाली का, हेही.