एनसीएएची पात्रता वेगळी, कॉलेजचा प्रवेश वेगळा

मुंबई-पुण्यातल्या टेनिस, स्क्वॉश किंवा पोहण्याच्या सरावाला मुलांना सोडायला आलेल्या पालकांमध्ये अमेरिकेचा विषय निघाला, की एक समजूत हमखास कानावर येते: एनसीएएने पात्र ठरवलं म्हणजे ॲडमिशन झाल्यातच जमा. ही समजूत वेळीच दूर व्हायला हवी, कारण तिच्या भरवशावर राहिलं तर अर्ज करायचे महिने हातचे जातात. ती येते कुठून हेही कळतं. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, प्रवेशात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. प्रमाणपत्र जोडलं की काम होतं, ही सवय आपल्याला इथेच लागते.

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संघटना. तिच्याकडे प्रश्न एवढाच असतो, की हा विद्यार्थी संघाकडून सामने खेळू शकतो का. त्याला आपल्या वर्गात बसवायचं का, हे ठरवतं त्या त्या कॉलेजचं प्रवेश कार्यालय, आणि त्यात एनसीएएला मत नसतं.

पात्रतेची पायरी मुद्दाम खाली ठेवलेली आहे. डिव्हिजन १ साठी, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांपैकी सर्वांत वरच्या गटासाठी, नववी ते बारावीत १६ मुख्य अभ्यासक्रम लागतात. इंग्रजीची ४ वर्षं, गणिताची ३, विज्ञानाची २ आणि बाकीचे सामाजिक शास्त्रं, भाषा असे विषय. पी.टी.चे गुण यात धरत नाहीत. सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी. ती २.० ते २.३ च्या मध्ये अडकली, तर शिष्यवृत्ती मिळू शकते, सरावही करता येतो, पण पहिल्या वर्षी सामना खेळता येत नाही.

ही पायरी किती उंच असावी यावर तिथे फार कडवट वाद झाले आहेत. १९८३ मध्ये मंजूर झालेल्या नियमाने सरासरीबरोबर एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेचे किमान ७०० गुण मागितले. त्याचा फटका सर्वांत जास्त बसला तो कृष्णवर्णीय मुलांना. पुढे नियम आणखी आवळून अट पूर्ण न करणाऱ्या मुलांची शिष्यवृत्तीही बंद करायचं ठरलं, तेव्हा जानेवारी १९८९ मध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्याआधीच निषेध म्हणून मैदान सोडून निघून गेले. एसएटीची अट शेवटी २०२३ मध्ये गेली. मला हा बदल न्याय्य वाटतो. एका सकाळच्या परीक्षेपेक्षा चार वर्षांचा अभ्यास जास्त खरं सांगतो.

प्रवेशाचं गणित मात्र निराळं. २.३ सरासरीवर स्टॅनफर्ड किंवा येलचं दार उघडत नाही. आयव्ही लीग या गटातली हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मदत मिळते ती घरच्या परिस्थितीनुसार. शिवाय तिथे ‘ॲकॅडेमिक इंडेक्स’ असतो. शाळेतले आणि परीक्षेतले गुण एकत्र करून खेळाडूंची सरासरी काढतात, आणि ती बाकीच्या विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ देत नाहीत. म्हणून एखाद्या कोचला अभ्यासात कच्चा पण अफाट खेळणारा मुलगा हवा असेल, तर त्याला तोलायला अभ्यासात तेज खेळाडूही शोधावे लागतात.

तरीही खेळाचं वजन तिथे प्रचंड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. हार्वर्डवर प्रवेशातल्या भेदभावावरून झालेल्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीत कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के मुलांना प्रवेश मिळालेला दिसला. इतरांसाठी हाच आकडा एक अंकी होता. पण हे वजन पोचतं कोचने प्रवेश कार्यालयाकडे दिलेल्या नावांमधून, आणि ती नावं मोजकीच असतात. याच वाटेचा गैरफायदा २०१९ मध्ये उघड झाला. खोटे खेळाडू रंगवून कोचना लाच दिली जात होती, आणि येलच्या महिला फुटबॉल कोचनेही गुन्हा कबूल केला.

स्क्वॉशवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्क्वॉशची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा एनसीएए भरवत नाही; त्यासाठी वेगळी संघटना आहे. १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकणारं हार्टफर्डचं ट्रिनिटी कॉलेज डिव्हिजन ३ मधलं, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती न देणारं. त्या संघात भारतातून गेलेली मुलंही होती.

म्हणून कोचचा फोन आला, की ‘आम्हाला तू हवी आहेस’ या वाक्यावर थांबू नका. त्याला विचारा: प्रवेश कार्यालयाने मुलीच्या गुणपत्रिका पाहिल्या का, आणि काय म्हणाले? आयव्हीत आणि बऱ्याच डिव्हिजन ३ कॉलेजांत बारावीआधीच्या उन्हाळ्यात अशी पूर्वतपासणी होते. तिला ‘प्री-रीड’ म्हणतात. आयव्हीत १ ऑक्टोबरनंतर ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश जवळपास नक्की असल्याचं पत्र, येऊ शकतं, पण ते प्रवेश कार्यालयच पाठवतं. कोचला तसं पत्र द्यायचा अधिकार नाही.